नजरबादची पिवळी पानं

सोमवार, १४ जुलै २०२५

माझ्या नवऱ्याच्या, उपेंद्रच्या, कडकोळच्या कारखान्याने जानेवारीत वाटलेली ही डायरी सहा महिने कपाटात कोरी पडली होती. आजपासून ती माझ्या कामाच्या पिशवीत राहणार. येत्या शुक्रवारी इथल्या, म्हैसूरच्या नजरबाद भागातले अंबाजीराव माझ्याकडून जाणार आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतंय, हे घरी सांगायची सोय नाही. उपेंद्र म्हणेल, बावीस वर्षं फिजिओथेरपी करतेस, पेशंट येतात नि जातात.

जाणार म्हणजे बरे होऊन नव्हे. आमच्या एजन्सीचा नियमच आहे की घरी जाऊन उपचार करणारा माणूस दर सहा आठवड्यांनी बदलायचा. पेशंटला एकाच माणसाची सवय झाली की तो एजन्सीला वगळून त्यालाच थेट बोलावू लागतो, म्हणून. आमचे मालक शरत याला रोटेशन म्हणतात. आजवर मला हा नियम टोचला नव्हता.

अंबाजीराव एकोणऐंशी वर्षांचे, शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर. पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. मार्चमध्ये पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली आणि सगळं बोलणं दहा-बारा शब्दांवर आलं. त्यातला एक शब्द मी आहे. 'मिरजबाई.' माहेर मिरजेचं असलं तरी नाव जयवंती आहे, हे चारदा सांगून झालं. मान डोलावतात आणि पुन्हा मिरजबाईच म्हणतात.

शुक्रवार, १८ जुलै

शेवटची व्हिजिट झाली.

प्रत्येक व्हिजिटनंतर एजन्सीच्या पॅडवर तारीख, वेळ, करवून घेतलेले व्यायाम लिहून पेशंटची सही घ्यायची असते. वरचं पांढरं पान, खाली कार्बन, त्याखाली पिवळं पान. पहिल्या दिवशी वनजाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सही करायला पुढे आल्या तेव्हा मीच म्हटलं, नको, काकाच करतील, उजव्या हाताने, तोही व्यायामच. तेव्हा नुसती गांडुळासारखी रेघ आली होती. या मंगळवारी कानडी 'अं' बऱ्यापैकी उमटला. वीस मिनिटं लागली, पण शाळेच्या हजेरीपटाच्या इमानाने ते सही करतात.

आज मी सांगितलं, मंगळवारपासून निशांत येईल, चांगला मुलगा आहे. त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं आणि मला परत केलं. सही केली नाही.

काकू कोपऱ्यात अवरेच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी व्यायाम घेत असते तेव्हा त्या तिथेच बसतात आणि ओठ पुटपुटत असतात. सारखा जप चालतो बिचाऱ्यांचा. निघताना त्यांनी सोललेले दाणे पिशवीत घालून दिले. बसमध्ये डोळे भरून आले आणि मला माझाच राग आला.

मंगळवार, २९ जुलै

दुपारी दाराची बेल वाजली. बघते तर वनजाकाकू. नजरबादहून जयलक्ष्मीपुरमला एकट्या रिक्षाने आल्या, पत्ता हातावर पेनाने लिहिलेला, आणि वर आमचे दोन जिने.

"स्वल्प बसते हं आधी," म्हणाल्या. पाणी प्यायल्या. मग एकदम मुद्द्यावर आल्या. "नोडम्मा, तो निशांत पोरगा चांगला आहे. वाईट म्हणत नाही मी. पण तो आला की हे डोळे मिटून घेतात. सुम्ने, उगाच झोपल्याचं सोंग. दोनदा असं झालं, मग कालच एजन्सीला सांगितलं, बेडा, आता कुणी नको."

मी म्हटलं, सवय होईल हळूहळू.

"हळूहळूला वेळ कुठे आहे? खंडेनवमी पुढे आहे."

मग त्यांच्या घराण्याची रीत समजली. खंडेनवमीला पणजोबांची तलवार चौरंगावर मांडतात. घरातल्या वडील पुरुषाने उभं राहून ती दोन्ही हातांनी उचलायची, कपाळाला लावायची, परत ठेवायची. बसून चालत नाही. वडील माणसाला उभं राहवेना, तर तलवार पुढच्या भावाच्या घरी जाते. काकूंचे धाकटे दीर मानाजीराव बेंगळुरूला असतात. वाईट नाहीत, पण त्यांनी आत्ताच फोनवर विचारलंय की तलवारीसाठी पेटी आणू का.

"आम्हाला मूलबाळ नाही," काकू म्हणाल्या. "मुंज, लग्न, बारसं, आमच्या घरात काही व्हायचं नव्हतंच. वर्षातून तो एक दिवस. त्या दिवशी हे शाळेतल्यासारखे ताठ उभे राहतात, आणि मी बघते. तलवार गेली तर हे पण उठायचे नाहीत परत. तू ये ना आपली अशीच. एजन्सी नको, काही नको."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. रिक्षापर्यंत पोचवायला गेले तर जिन्यात त्यांनी माझा हात धरला, आणि तो त्यांना आधार हवा म्हणून धरला होता की मला, कोण जाणे.

बुधवार, ३० जुलै

करार काढून वाचला. कलम नऊ: शेवटच्या व्हिजिटपासून बारा महिने एजन्सीच्या पेशंटला थेट सेवा द्यायची नाही. दिली तर करार रद्द आणि वकिलाची नोटीस. सही माझीच, ठसठशीत. नोटीस आली तर या शहरात दुसरी एजन्सी मला उभी करणार नाही, आणि स्वतःचं काही काढायचं धाडस मला सव्विसाव्या वर्षी झालं नाही ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी काय होणार?

शरतची बाजूही खोटी नाही. मागच्या वर्षी तिघंजण पेशंट घेऊन गेले. पेशंट शोधायचे त्याने, कागदपत्रं त्याने, आणि फळ आम्ही खायचं.

उपेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "तू ठरवलेलं असतंस तेव्हाच मला विचारतेस." हसला, पण थोडा काळजीनेच.

माझ्या वडिलांना, दादांना, पक्षाघात झाला तेव्हा मी इथून मिरजेला फोनवर व्यायाम सांगत होते. भाऊ फोन त्यांच्या कानाला लावायचा आणि मी म्हणायची, दादा, बोटं उघडा, आता मिटा. उघडली की नाही ते मला दिसायचं नाही. हे इथे उगाच लिहिलं. त्याचा याच्याशी संबंध नाही.

शुक्रवार, १ ऑगस्ट

मी गेले.

डोळे मिटून पडले होते. मी म्हटलं, मिरजबाई आलीय. एक डोळा उघडला. मग दुसरा. मग डाव्या हाताने मनगटावर बोट ठेवून दाखवलं की उशीर झाला. पंधरा दिवसांचा उशीर. मला हसूही आलं आणि रडूही.

व्यायाम झाल्यावर मी निघाले तर उजवा हात पुढे करून थांबले. "सही." म्हटलं, आता सही लागत नाही, आता मी आपली अशीच येते. चेहरा पडला. ड्रिल मास्तरच्या लेखी हजेरी लागली नाही तर तास झालाच नाही. पिशवीत नजरबादचं जुनं पॅड होतं, त्यात कोरी पानं होती. काढलं, सवयीने तारीख, वेळ, व्यायाम लिहिलं आणि पुढे धरलं. 'अंबा' पर्यंत आले. ते पांढरं पान फाडून मी या डायरीत ठेवलंय. एजन्सीकडे थोडंच जाणार आहे.

काकूंनी पाकीट दिलं. फुकट येऊ देणार नाहीत, स्पष्ट सांगितलं. फुकट केलं असतं तर ती माया, पैसे घेतले म्हणून ती चोरी, असं काही असतं का? मी घेतलं. जे आहे ते आहे.

मंगळवार, १९ ऑगस्ट

भलतीच प्रगती. शुक्रवारी वॉकर धरून चार आकडे उभे होते, आज दहा. मधल्या तीन दिवसांत स्नायू घट्ट व्हायला हवे होते, उलट मोकळे. माझ्या हाताला गुण आहे असं दादा म्हणायचे ते अगदीच काही कौतुक नव्हतं.

आकडे त्यांना साधे चालत नाहीत. एक, दोन, तीन म्हटलं की मान हलवतात. कवायतीसारखं, एक-दोन-एक, एक-दोन-एक. तसं म्हटलं की पाय ऐकतो. काकूंचा जप कोपऱ्यात चालूच.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

एजन्सीत चैत्रा आमचं आठवड्याचं वेळापत्रक लावते. सव्वीस वर्षांची, इथल्याच जुन्या मराठी घरातली, मराठी बोलते मोडकं पण गोड. पाच आठवडे झाले, मंगळवार आणि शुक्रवार दुपारी तीन ते पाच मला एकही पेशंट देत नाही. इतरांना त्याच वेळेला दोन-दोन. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, त्या टाइमला कोणी सिगलिल्ला, मिळतच नाही, काय करू?" आणि संगणकात बघत राहिली. कशावरून तरी रागावलीय. मला ती वेळ मोकळी मिळते हे नशीब, पण रुखरुख लागतेच. उद्या तिला चिरोटे नेऊन देते.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज वॉकर सोडला.

भिंतीशी उभे केले, मी पुढ्यात, माझे दोन्ही हात त्यांच्या कोपरांखाली. मग हात एक बोटभर खाली घेतले. मग आणखी एक बोटभर. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या डोक्यावरून समोर बघत होते, शंभर मुलं रांगेत उभी असल्यासारखे. एक-दोन-एक, बारा वेळा. खाली बसले तेव्हा घामाने सदरा ओला झाला होता. म्हणाले, "नवमी."

म्हटलं, हो काका, नवमी. मी असेनच शेजारी. तोल गेला तर धरायला मी आहे.

सहीत 'अंबाजी' पूर्ण झालं. 'राव' अजून उतारावरून घसरतो.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

तिमाही संपत आली म्हणून वापरलेली सगळी पॅडं ऑफिसात जमा केली. आठ होती, रबर लावून गठ्ठाच चैत्राच्या टेबलावर ठेवला.

तासाभरात तिचा फोन. "मॅडम, नजरबादचं पॅड चुकून आलंय वाटतं. साडेपाचच्या आत येऊन नेता काय?" म्हटलं, चुकून कसं, जमा करायचंच असतं ना ते. "तरी पण या ना, मॅडम. उद्यापासून मी नाही, चार दिवस ऊरला, गावी चाललेय." म्हटलं, बाळ, मी नजरबादला निघालेय, सोमवारी बघू. पुन्हा दोनदा फोन आला तेव्हा मी व्यायाम घेत होते, उचलला नाही. मुलगी कामाला चांगली, पण जरा धांदरट.

सोमवार, २२ सप्टेंबर

पिवळी पानं.

पांढरी फाडली मी, एकूण एक. कार्बनखालची पिवळी तशीच पॅडमध्ये राहिली. बावीस वर्षं पॅड भरतेय, आणि खाली दुसरं पान असतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. आता सगळे फोन कळले. उशिरा कळले.

चैत्रा गावी, म्हणून पॅडं शरतने स्वतः तपासली. मी गेले तेव्हा टेबलावर चौदा पिवळी पानं ओळीने मांडलेली. तारीख, वेळ, व्यायाम, सगळं माझ्या अक्षरात.

शरत ओरडला असता तर बरं झालं असतं. इंग्रजीत हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्हीसुद्धा?" बाकीचे गेले तेव्हा त्याने सगळ्यांना माझं उदाहरण दिलं होतं म्हणे.

मी खंडेनवमीचं सांगितलं. तलवारीचं, काकूंचं. माफ करा म्हटलं नाही, कारण पुन्हा तेच केलं असतं, आणि तेही सांगितलं. तो पानं उलटीसुलटी करत होता. पहिल्यावर थांबला, मग शेवटच्यावर. पहिल्यावर 'अंबा', शेवटच्यावर 'अंबाजीरा' आणि घसरलेला 'व'. बराच वेळ ती दोन पानं शेजारी धरून बघत राहिला. मला वाटलं, विरघळला.

नाही विरघळला. एक कागद टाइप करून आणला. करार राहील, नोटीस जाणार नाही. त्याबदल्यात बारा महिने मी अंबाजीरावांना कोणतीही सेवा देणार नाही: व्यायाम नाही, मार्गदर्शन नाही, हस्तस्पर्श नाही.

"नवमी नऊ दिवसांवर आलीय," मी म्हटलं. "पाहुणी म्हणून तरी जाऊ?"

"पाहुणी म्हणून जा. प्रसाद घ्या. पण हात लागला की ती सेवा झाली, आणि मग मला तुमच्यासाठी काही करता येणार नाही. सगळ्यांचं लक्ष आहे, मॅडम." मग कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "माझी आईही अशीच पडून होती."

सही केली.

बुधवार, २४ सप्टेंबर

वनजाकाकूंना फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "आयितु, झालं ते झालं. जेवलीस काय?"

म्हटलं, काकू, मी धरणार होते त्यांना.

"परवागिल्ला, हरकत नाही. तू ये फक्त."

त्यांना प्रकरण किती गंभीर आहे ते समजलेलं दिसत नाही. जेवण गेलं नाही मला.

गुरुवार, २५ सप्टेंबर

चैत्रा परत आली. जिन्यात गाठ पडली. डोळे लाल. "मी फोन केलते ना, मॅडम," म्हणाली, एवढंच.

मी तिच्याकडे बघत राहिले. मंगळवार, शुक्रवार, तीन ते पाच. विचारलं, तुला कधीपासून ठाऊक होतं?

"पहिल्या आठवड्यापासून. माझी अज्जी नजरबादलाच असते. तुम्ही दिसलात तिला." मग म्हणाली, "चिरोटे छान होते."

आणि मी तिला धांदरट म्हटलं होतं. वर लिहिलंय तसंच राहू दे, खोडत नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

घरी पोचेपर्यंत थांबवत नाही, म्हणून नजरबादच्या बसथांब्यावर बसून लिहितेय. गाड्यांना झेंडूच्या माळा, रस्त्यावर फोडलेले कोहळे, बस मिळायला वेळ लागणारच आहे.

साडेअकराला गेले. चौरंगावर तलवार, झेंडू, लिंबं. शेजारी काकूंची विळी, मिक्सर, आणि अंबाजीरावांची ड्रिलची पितळी शिट्टी. घरात जो ज्याने काम करतो ते सगळं आज पूजेत. मानाजीराव आले होते, हळवे गृहस्थ, सारखे चष्मा पुसत होते. लांबट पेटी भिंतीशी उभी होती, आत मखमल. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं आणि सगळे तिच्याकडेच बघत होते.

काकूंनी सगळ्यांना कुंकू लावलं. मग माझ्यासमोर आल्या. "तुझं काय ठेवतेस चौरंगावर?"

म्हटलं, माझं काही नाही, काकू. माझं काम हातांनीच.

"मग हात दाखव."

दोन्ही तळव्यांवर ओलं कुंकू आणि अक्षता. ज्या हातांनी आज काहीही करायचं नाही, त्या हातांची पूजा. मी खाली बघत राहिले. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवून पुढे गेल्या.

मी भिंतीला लागून चटईवर बसले, चार हातांवर. अंबाजीरावांना खुर्चीतून उठायचं होतं. धोतर, कोट, जरीचा पटका. उठताना डावं पाऊल जास्त पुढे पडलं. मला दिसत होतं. सांगायचं नव्हतं. मार्गदर्शन नाही.

काकू त्यांच्या उजव्या अंगाला उभ्या राहिल्या. एक हात कोपराखाली, एक कमरेच्या मागे, अगदी माझ्यासारखा, अंगठा बाहेर. आणि पुटपुटल्या, "एक-दोन-एक. एक-दोन-एक."

तो जप. तीन महिने शेंगा सोलता सोलता चाललेला तो जप हा होता. मधल्या तीन-तीन दिवसांत त्यांचे स्नायू मोकळे कोण ठेवत होतं, ते मला आज कळलं. माझ्या हाताचा गुण म्हणे.

पाऊल मागे आलं. ते उभे राहिले. काकूंनी हात एक बोटभर खाली घेतले. मग आणखी एक बोटभर. मग बाजूला झाल्या.

तलवार उचलली. डाव्या हातावर सगळं वजन, उजवा नुसता टेकलेला. कपाळापर्यंत नेताना उजवा गुडघा लटपटला. माझे हात आपोआप वर आले. मी ते मांड्यांखाली दाबून धरले, कुंकवासकट. इतकं अवघड काम मी या घरात आजवर केलं नव्हतं. गुडघा एक क्षण हलला, दुसरा क्षण हलला, मग स्थिर झाला. ते माझ्या डोक्यावरून समोर बघत होते. तलवार कपाळाला लागली. परत चौरंगावर आली. बसायच्या आधी ते तसेच ताठ उभे राहिले, आणि काकूंनी त्यांना बघितलं.

मानाजीराव उठले, वाकून भावाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पेटी उचलून गाडीत ठेवून आले. पायसम वाढताना हातानेच गुडघा कसा हलला ते सगळ्यांना दाखवत होते आणि रडत होते.

मी निघाले तर अंबाजीरावांनी उजवा हात पुढे केला.

"मिरजबाई. सही."

म्हटलं, काका, पॅड नाही आता. एजन्सीने घेतलं. आणि आज मी काही केलं नाही.

हात तसाच पुढे. ड्रिल मास्तर ऐकणार थोडेच? पिशवीत ही डायरी होती. आजचं पान उघडलं, कोरं होतं. पेन खाली टेबलावर ठेवलं, हातात दिलं नाही. ते त्यांनी उचललं. मीही सवयीप्रमाणे सहीच्या वर तारीख, वेळ, सगळं लिहून घेतलं होतं, ते आणि त्यांची सही याच पानावर खाली आहे, कडेला माझ्या बोटांचं कुंकू लागलंय. 'राव' सरळ आलाय.

दिनांक: १ ऑक्टोबर. वेळ: साडेअकरा ते दोन. दिलेली सेवा: काही नाही.
पेशंटची सही: ಅಂಬಾಜೀರಾವ್